शेक प्यावा की भाकरी खावी? (वजनाचा धागा, पुन्हा एकदा)

गोदाकाठची
वजनावर इथे ढीगभर धागे आहेत, शोधून सगळे वाचले. माझा प्रश्न त्यात सापडला नाही म्हणून नवा काढतेय. संपादकांना हलवायचा तर हलवा.

वय 43, उंची पाच फूट दोन इंच, वजन 78. नाशिकला असते, शाळेत शिकवते. शुगर काठावर आहे (एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1), बाकी ठीक. आमच्याच सोसायटीत एका वहिनींनी हॉलमध्ये शेक सेंटर सुरू केलंय (जेवणाऐवजी दुधात प्रथिनांची पावडर घालून प्यायचा तो शेक). सकाळी साडेसहाला सगळ्या जमतात. आधी गुलाबी गरम पाणी, मग काट्यावर उभं राहायचं, मग शेक, मग टाळ्या. जिचं वजन उतरलं तिला जास्त टाळ्या.

10 दिवसांची ट्रायल घेतली. सकाळी आणि रात्री शेक, दुपारी घरचं जेवण. 2.8 किलो उतरलं! गेल्या चार वर्षांत चालून, ग्रीन टी पिऊन, रात्रीचा भात सोडून एवढं कधी उतरलं नव्हतं. आता महिन्याचं पॅकेज 7500 रुपये. नवरा म्हणतो, घे, तुला बरं वाटतंय ना. सासूबाई म्हणतात, "दुधावर राहायला तू काय तान्हं बाळ आहेस?"

तर पैसे भरू का? ज्यांनी शेक घेऊन सोडलेत त्यांचं पुढे काय झालं तेही लिहा. "डाएट नको, जीवनशैली बदला" हे मला पाठ आहे, कृपया ते वगळून बोला.

रस्साप्रेमी
आमच्या कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्यालाच मील रिप्लेसमेंट म्हणायचं. दोन वाट्या मारल्या की दुसऱ्या जेवणाची गरज नाही. वजन तेवढं उतरत नाही, एवढाच काय तो दोष.

तिरपागडा
मी पयला. (रस्साप्रेमींना धरत नाही.)
टाळ्या पॅकेजमध्ये आहेत की त्यावर जीएसटी वेगळा?

कडवट_काढा
ताई, मी सोडलेल्यांपैकी. पुणे, 2019. सहा महिने शेक, 14 किलो उतरले. व्हॉट्सॲपवर माझा आधीचा-नंतरचा फोटो किती जणींच्या स्टेटसला होता, विचारू नका. लग्नकार्यात लोक ओळखेनात. तो काळ खरंच छान होता, ते नाकारणार नाही.

मग सासरे आजारी पडले, धावपळ सुरू झाली आणि सेंटरला जाणं सुटलं. पुन्हा दोन वेळा पोळी-भाजी. आठ महिन्यांत 14 चे 14 परत आले, वर 3 किलो व्याज. सेंटर चालवणाऱ्या कोचला फोन केला तर म्हणाली, "तुम्ही शेक सोडलात ना, मग येणारच." म्हणजे जन्मभर प्यायचा, असा त्याचा अर्थ! हे पैसे भरताना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक. चौथ्या महिन्यात मला "तुम्हीही कोच व्हा, डबे विका" झालं. झाले. माळ्यावर अजून सहा डबे आहेत, तारीख उलटून गेलेले.

हिशेबनीस
10 दिवसांत 2.8 किलो ही चरबी नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. तुमच्या वय-वजनाला दिवसाचा खर्च 1800 च्या आसपास धरू. शेक दुधातून 200-220 चा, असे दोन, अधिक दुपारचं जेवण आणि चहा, म्हणजे साधारण हजार कॅलरी पोटात. तूट रोजची 800, दहा दिवसांची 8000. चरबी गेली असेल एक किलोभर. उरलेलं पाणी. खाणं एकदम कमी झालं की शरीरातलं साठवणीचं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वापरलं जातं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघतं. रात्रीचं लोणचं-पापड बंद झाल्याने मीठ कमी झालं, त्याचंही पाणी गेलं. म्हणून पहिल्या दहा दिवसांच्या ट्रायलमध्ये सगळ्यांनाच 'रिझल्ट' येतो. ट्रायल दहाच दिवसांची का असते हे आता लक्षात आलं असेल.

आता पैशांचं. डब्यावरचं लेबल वाचा. माझ्या बहिणीकडच्या डब्यावर 25 ग्रॅम पावडरीत 9 ग्रॅम प्रथिनं आहेत. 250 मिली दुधाची 8 धरा. म्हणजे 17 ग्रॅम प्रथिनांसाठी तुम्ही सव्वाशे रुपये देताय, आणि त्यातली जवळपास निम्मी तर म्हशीची किंवा गाईची आहेत.

घरचं ताट: 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (प्रथिनं 7), लहान ज्वारीची भाकरी (4), वाटीभर दही (3-4). झाली 15 च्या घरात. खर्च तीसेक रुपये.

रनर_ठाणे
हिशेबनीस, हिशेब अर्धाच मांडलात. त्या ताटाच्या कॅलरी लिहा की. उसळीला तेल लागतं, भाकरीला पीठ. 340 तरी होतील. शेक 210. वजन उतरवायचंय तर इथे शेक जिंकला ना?

आणि तीस रुपयांत भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी कुठेय? मी सकाळी 7:12 ची लोकल पकडतो. पूर्वी स्टेशनवर दोन वडापाव आणि कटिंग व्हायचं. तीन वर्षं झाली, त्या जागी एक शेक आहे, कुठल्या सेंटरचा नाही, दुकानातून आणलेला. बाकी दोन्ही वेळा जेवतो, रविवारी मटण खातो. 86 चा 79 झालो आणि तिथेच आहे. लोक शेकची तुलना कायम आजीच्या हातच्या भाकरीशी करतात. माझ्या आयुष्यात तिची जागा वडापावने घेतली होती. तुलना त्याच्याशी करा.

हिशेबनीस
@रनर_ठाणे, मान्य. कॅलरी लिहायला हव्या होत्या. मजुरीचंही मान्य.

स्टेथो_सासवड
डॉक्टर म्हणून थोडं, बाकी गमतीजमती वाचतोय.

1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत निव्वळ द्रव प्रथिनांवर राहण्याची लाट आली होती. ती प्रथिनं कत्तलखान्यातल्या कातडी-अस्थींपासून काढलेली, निकृष्ट. त्यात सुमारे 60 माणसं दगावली, बरीचशी हृदयाचे ठोके बिघडून. आजची उत्पादनं त्यापेक्षा कितीतरी सुधारलेली आहेत, जीवनसत्त्वं-क्षार घातलेले असतात. तेव्हा 'शेक म्हणजे विष' असं मी म्हणणार नाही. 'शेक म्हणजे औषध' असंही नाही, आणि भारतात अशा पूरक आहाराच्या डब्यावर औषधी वापरासाठी नसल्याचं छापावंच लागतं. डबा फिरवून बघा.

माझ्याकडे येणारी अडचण वेगळी असते. पेशंट ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतोय, किंवा इन्सुलिन. सेंटरवर कुणीतरी सांगतं, 'गोळ्या चालू ठेवा, शेकही घ्या.' जेवण निम्मं झालं आणि गोळी तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम, थरथर, बेशुद्धी. दुसरं, झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. तिसरं, मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं मनाने वाढवायची नाहीत.

गोदाकाठच्या ताई, तुम्ही गोळ्या घेत नसाल तर एक शेक घेतल्याने आकाश कोसळत नाही. पण 6.1 म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. पाच-सात किलो जरी उतरले आणि उतरलेले राहिले, तरी मोठा फरक पडतो. 'उतरलेले राहिले' हे महत्त्वाचं.

संत्रानगरी
अरे बाप्पा, एवढं वाचूनच माझं अर्धा किलो उतरलं. आमच्या नागपुरात उन्हाळ्यात तसंबी कोणी जेवत नाही, ताक पिऊन पडून राहतो. वजन काऊन उतरत नाही मग?

तिरपागडा
@संत्रानगरी, संध्याकाळी सातनंतर सावजीकडे कोण जातं ते आधी सांगा.

संत्रानगरी
ते वेगळं खातं आहे.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये हाच प्रकार सरकारी आरोग्यसेवा करते, म्हणून लिहिते. कोच नाहीत, टाळ्या नाहीत.

नवऱ्याला मधुमेहाचं निदान होऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी बारा आठवड्यांच्या कार्यक्रमाला पाठवलं. फक्त सूप आणि शेक, दिवसाला 800 ते 900 कॅलरी, बाकी काही नाही. पुड्या फुकट मिळतात. पहिल्याच दिवशी त्याच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. स्टेथोंनी लिहिलंय तेच कारण.

यामागे जो अभ्यास आहे तो ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांचा. 2017 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. 306 लोक होते, निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना हे पातळ खाणं. वर्षाअखेर पातळ खाण्याच्या गटातले 46 टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, दुसऱ्या गटात 4 टक्के. दोन वर्षांनी 46 चे 36 झाले आणि पुढे आणखी घसरले, कारण वजन परत चढत गेलं. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त उतरवले त्यांना सगळ्यात चांगला फायदा झाला.

आमचा अनुभव: पहिला आठवडा भयानक. हा माणूस कुकरच्या शिट्टीने हळवा व्हायचा. बद्धकोष्ठ झालं, थंडी वाजायची, थोडे केस गळले. चौथ्या आठवड्यापासून भूक कमी झाली. बारा आठवड्यांत 13 किलो.

पण खरं काम तेराव्या आठवड्यात सुरू झालं, आणि त्याबद्दल कुणी फोटो टाकत नाही. एकेक शेक काढून एकेक जेवण परत आणायचं. पहिलं जेवण मी वरण, दुधी आणि एक फुलका वाढलं. तो पाच मिनिटं ताटाकडे बघत बसला. म्हणाला, "आता थांबायचं कुठे ते मला ठरवावं लागणार." शेकमध्ये पुडी संपली की जेवण संपतं. ताटात ते तुम्ही ठरवता. पुढे वर्षभर आहारतज्ज्ञ बाईंचे फोन यायचे, किती भात, किती वेळा. आज दोन वर्षांनी 13 पैकी 9 किलो टिकून आहेत.

मुक्ताई7
लेस्टरकर, तुमचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट डोक्यात आली ती लिहिते. गोदाकाठची, रागावू नका.

लेस्टरकर, तुमच्या नवऱ्याला पुडीने सांगितलं कुठे थांबायचं. आपल्याला कोण सांगतं? मी डायरी लिहून बघितली होती, पंधरा दिवस. ताटात वाढून घेतलेलं सगळं लिहिलं. वजन हलेना. मग मुलगी म्हणाली, आई, ताटाबाहेरचंही लिही. तर काय निघालं? तिच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी. कढईत उरलेली दोन चमचे भाजी, भांडं घासायला टाकायचं म्हणून. सासऱ्यांच्या ताटातली शिऱ्याची वाटी, 'टाकायचं कसं' म्हणून. दुधाच्या पातेल्याची खरवड. चहा दोनदा, कारण कुणी आलं की त्याच्यासोबत. हे सगळं उभ्याउभ्या. त्याला मी जेवण म्हणतच नव्हते.

शेक घेताना हे बंद होतं. कारण शेक तुमचा एकटीचा असतो. त्यात कुणाचं उष्टं नाही, कुणाचं उरलेलं नाही. मला वाटतं निम्मं वजन तिथे उतरतं. पावडरीत काय आहे त्यापेक्षा, आपण उरलेलं संपवायचं थांबवतो.

कडवट_काढा
मुक्ताई, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

गोदाकाठची
अगं... काल रात्री मी शेक पिऊन झाल्यावर वरणभाताच्या कुकरपाशी उभी राहिले, आणि 'आज माझं झालंय' म्हणून उरलेला भात डब्यात भरून फ्रीजमध्ये टाकला. इतर दिवशी तो मीच संपवला असता. हे मला आत्ता कळतंय.

जुनाखोड
न्यू जर्सीतून. 1988 चा नोव्हेंबर, मी इथे नवीनच आलो होतो. टीव्हीवर टॉक शो करणारी ऑप्रा विन्फ्री लाल ढकलगाडीत 67 पौंड प्राण्याची चरबी ओढत स्टेजवर आली. तेवढं वजन तिने द्रव आहारावर चार महिन्यांत उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तेच बोलणं. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या बायका आणि मी असे सगळे पावडरीवर. ऑप्राचं वजन परत आलं, हे तिनेच पुढे मोकळेपणाने सांगितलं. आमचंही आलं, फक्त आमच्याकडे गाडी नव्हती.

आता 71 आहे. बायको बाजरीची भाकरी करते तेव्हा एक खातो. बाकी वेळी दीड.

पेजपाणी
फोंड्याहून. तुम्ही सगळे पातळ जेवणाला परदेशी समजून बोलताय. आमच्याकडे सकाळी अकराला पेज असते, उकड्या तांदळाची, सोबत लोणचं नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर. माझे वडील शेतावर पेज पिऊनच जायचे आणि काटक होते. फरक एवढाच की ते शेतावर जायचे. मी पेज पिऊन खुर्चीवर बसते.

नाना_सोलापूरकर
पेजपाणी, बरोबर. आमच्याकडं ज्वारीची आंबील. रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, लसूण-जिरं. आणि साताऱ्याकडं हुलग्याचं (कुळथाचं) माडगं. थंडीत वाटीभर प्यालं की दुपारपर्यंत भूक आठवत नाही. डबा नाही, कोच नाही.

शुद्धसात्त्विक
या सगळ्यापेक्षा दीक्षित सरांचं ऐका. दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत उरका, मधे काही नाही. फुकट आहे.

खमंग_फोडणी
नको. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात तसं आपल्या मातीतलं, वेळच्या वेळी, तूप घालून खा. उपाशी राहून काही होत नाही.

शुद्धसात्त्विक
उपाशी कोण राहतंय? दोनदा पोटभर जेवायचं असतं. आधी नीट वाचा.

खमंग_फोडणी
आणि तूप तुम्ही आधी नीट खा.

तिरपागडा
धाग्याचं काश्मीर (म्हणजे भांडण) व्हायला एकूण 19 प्रतिसाद लागले. वजनाच्या धाग्यासाठी हा उशीरच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (बिनतेलाचे.)

हिशेबनीस
दोघांचंही चालतं, ज्याचं त्याला झेपलं तर. दोन्हींत मधलं चरणं बंद होतं, तेच मुक्ताईंनी सांगितलं.

जाता जाता, आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मेमध्ये 17 मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट आहे. आणि निरोगी माणसाची प्रथिनांची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम. ताई, तुमच्या वजनाला 65 च्या आसपास. ती गाठायला दोन्ही वेळच्या ताटात डाळ किंवा उसळ मुख्य हवी आणि पोळी बाजूला. आपण उलट करतो: चार पोळ्या, आणि उसळ लावण्यापुरती.

रनर_ठाणे
उसळ लावण्यापुरती! काय बोललात. आमच्या घरी मटकी म्हणजे पोळी बुडवायचा द्रव.

स्टेथो_सासवड
वर राहून गेलं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, शेक असो वा भाकरी. आठवड्यातून दोन-तीनदा तरी जोर, बैठका, पाण्याचे कॅन उचलणं, काहीही करा. चालणं उत्तम आहे पण तेवढ्याने स्नायू टिकत नाहीत. चाळिशीनंतरच्या बायकांना तर हे मी रोज सांगतो आणि रोज त्या म्हणतात, "घरकाम होतं की."

मुक्ताई7
डॉक्टर, घरकाम होतंच. पण मुद्दा कळला.

गोदाकाठची
सहा आठवड्यांनी परत आले. धागा वर काढल्याबद्दल माफी, पण काही जणींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

पैसे भरले नाहीत. ट्रायलनंतर पहिल्याच आठवड्यात 1.2 किलो परत आले, हिशेबनीसांचं पाणी. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी वहिनींचा तीनदा फोन आला. मी खाली गेले आणि त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. त्या जरा गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, मग निदान एक डबा तरी घे. माझा महिना पुरा व्हायचाय." हॉलमध्ये सोफ्यामागे खोकी रचलेली होती. कडवट_काढा, मला तुझा माळा आठवला. एक डबा घेतला. वहिनींसाठी घेतला, माहितीय मला.

तो डबा असा वापरते: शाळेतून उशीर होतो त्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून दोनदा, साडेचारला शेक. त्या वेळी पूर्वी स्टाफरूममधला सामोसा असायचा. रनर_ठाणे, तुलना सामोशाशी केली.

बाकी जेवण घरचं. एकच बदल, आणि त्याने घरात वादळ उठलं. मी माझं ताट सगळ्यांच्या आधी वाढून घेते. दोन वाट्या उसळ, एक भाकरी, कोशिंबीर. झाकून ठेवते. नंतर कढईत उरो, कुकरमध्ये उरो, ते माझं नाही. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. "आधी वाढून घेणारी सून पहिल्यांदाच बघतेय." पाचव्या दिवशी त्यांनी उरलेल्या भाताचा फोडणीचा भात केला आणि नवऱ्याच्या डब्यात दिला. आता उरलेल्याचा मालक तो आहे. त्याचं वजन दीड किलो वाढलं.

माझं आज 74.9.

तिरपागडा
टाळ्या! (या फुकट.)
नवरोबांसाठी वेगळा धागा काढा.

लेस्टरकर
खूप छान. सावकाश उतरतंय ते बरं.

कडवट_काढा
डब्याची तारीख बघून ठेव ग.

गोदाकाठची
बघितली, अजून सात महिने आहेत. आणि हो, @नाना_सोलापूरकर, तुमचं माडगं करून बघायचंय, थंडी सुरू झाली इकडे. दोनदा केलं, दोनदा गुठळ्या झाल्या. हुलगे दळून मग पीठ भाजायचं ना?

नाना_सोलापूरकर
आधी हुलगे भाजायचे, खमंग, मग दळायचे. पीठ गार पाण्यात कालवून घ्या, आणि गूळ-सुंठ-मिठाच्या उकळत्या पाण्यात धार लावून सोडा, दुसऱ्या हाताने हलवत राहा. पीठ थेट टाकलं की गुठळ्या होणारच. गूळ तुमच्यासाठी नखभरच.

गोदाकाठची
नखभर म्हणजे कुठल्या बोटाचं?

नाना_सोलापूरकर
करंगळीचं. अंगठ्याचं नाही.